आत्याच्या फोनात ॲप नाही, तरी सूट कशी मिळवायची

गेल्या दिवाळीच्या आधी माझी आत्या किराणा भरायला औसा तालुक्यातल्या गावाहून लातूरला आली. दुकानाच्या दारात पिवळा फलक होता आणि त्यावर वीतभर आकड्यांत तेलाच्या 5 लिटरच्या डब्याचा भाव. आत्या अक्षरं अडखळत वाचते, पण आकडे पक्के. जन्मभर मोंढ्यातल्या आडत्यांच्या पट्ट्या वाचल्यात तिनं. दोन डबे उचलले. बिलाच्या वेळी मशीनवर डब्यामागं 60 रुपये जास्त दिसले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, तो भाव ॲपवाल्यांना आहे. फोन दाखवा." आत्यानं पिशवीतून बटणाचा फोन काढून समोर धरला. त्यानं फोनाकडं बघितलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढं बोलावलं. आत्यानं एक डबा परत ठेवला, दुसऱ्याचे पूर्ण पैसे मोजले आणि बाहेर आली.

रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "पैशे तर माझे बी खरेच होते की."

त्या दिवशी मी तिच्यासोबत नव्हते. नंतर मात्र आत्यासोबत, शेजारच्या काकूंसोबत आणि बचत गटातल्या बायकांसोबत मुद्दाम दुकानात जायला लागले. काउंटरवर काय विचारलं की काय होतं, कुठं हट्ट धरायचा, कुठं सोडून द्यायचं, हे हळूहळू कळत गेलं. ते इथं क्रमानं लिहिते. तुमच्याकडं साधा फोन असेल तर हे तुमच्यासाठी आहे. घरातल्या किंवा गल्लीतल्या अशा माणसासोबत पहिल्यांदाच दुकानात जाणार असाल, तर तुमच्यासाठी जास्तच.

पहिली गोष्ट: सूट देतंय कोण, ते ओळखा

सगळ्या सुटी एकाच जातीच्या नसतात. हे न ओळखता काउंटरवर वाद घातला की आपलं बरोबर असूनही आपणच हरतो. मी सुरुवातीला हीच चूक केली. बँकेनं दिलेल्या सवलतीसाठी दुकानातल्या मुलीशी भांडले. तिच्या हातात खरंच काही नव्हतं.

सगळ्यात जास्त आढळते ती मोबाईल नंबरवरची सूट. "नंबर सांगा" म्हणतात, मशीनमध्ये टाकतात आणि सभासदाचा भाव लागतो. दुकानदार हिलाही पुष्कळदा "ॲपची सूट" म्हणतात, पण तिला ॲप लागत नाही. नंबर पाहिजे आणि त्यावर आलेला ओटीपी वाचता आला पाहिजे, बस्स. साध्या फोनवर मेसेज येतोच. म्हणजे ही सूट बटणाच्या फोनवाल्याला मिळू शकते. "तुमचा फोन चालणार नाही" असं कोणी म्हटलं तर आधी हेच विचारा: "नंबर टाकून लागते का?" माझ्या अनुभवात निम्मी कामं या एका प्रश्नावर होतात.

दुसरी खरी ॲपची सूट. फोनात ॲप उघडून कूपन दाखवायचं किंवा चौकोनी कोड स्कॅन करायचा. ही सूट दुकान स्वतःच्या खिशातून देत असतं, त्यामुळं ती काउंटरवरून लावून द्यायची की नाही हेही दुकानाच्याच हातात असतं. विनंतीला आणि आग्रहाला खरी जागा इथं आहे.

तिसरी बँकेची किंवा यूपीआय कंपनीची: अमुक कार्डावर इतके टक्के, तमुक ॲपनं पैसे दिले तर कॅशबॅक. हे पैसे दुकानाचे नसतात, रोख देणाऱ्याला ते दुकानातून मिळणार नाहीत. इथं वेळ घालवू नका. मात्र घरात जनधन खात्याचं रुपे कार्ड पडून असेल, तर बिल करण्याआधी "या कार्डावर काही आहे का?" असं विचारायला काय जातंय? ते कार्ड देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात पुठ्ठ्यासकट ठेवलेलं असतं आणि त्याचा पिन कुणालाच आठवत नसतो. एकदा बँकेत जाऊन पिन नवा करून आणा.

चौथी म्हणजे ऑनलाइन स्वस्त आणि दुकानात महाग. कूलर, मिक्सर, शिलाई मशीन असल्या वस्तूंत हे जास्त. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं कूलर घ्यायची धांदल उडते, तेव्हा नात्यातल्या कुणाला तरी त्याच मॉडेलचा ऑनलाइन भाव बघून कागदावर लिहून द्यायला सांगा. मॉडेलचा पूर्ण नंबर, भाव, तारीख. तो कागद दुकानदारापुढं ठेवला की बोलणं सुरू होतं. तो तंतोतंत तेवढ्यात देईलच असं नाही, पण घरपोच आणि दुरुस्तीची हमी धरून मधला भाव निघतो. बस्ता बांधताना आपली म्हातारी माणसं दुकानदाराला दोन तास बसवून घेतात. तीच हिंमत इथं वापरायची.

घरून निघण्याआधी

वर्तमानपत्रातून आलेला जाहिरातीचा कागद टाकू नका, पिशवीत घाला. दुकानात "असं काही नाही" म्हटलं तर दाखवायला तोच लागतो. कागद नसेल तर दारातल्या फलकावरचा भाव वहीत लिहा, किंवा सोबतच्या माणसाला फोटो काढून ठेवायला सांगा. कोपऱ्यात चांदणीची खूण आहे का बघा, आणि खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

या बारीक अक्षरांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपली बाजू सगळ्यात भक्कम इथंच असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये मार्गदर्शक नियम काढले. त्यानुसार अट ज्या भाषेत दावा केलाय त्याच भाषेत असली पाहिजे आणि ठळक दिसली पाहिजे. म्हणजे फलकावर मराठीत "तेलाचा डबा इतक्यात" आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत "फक्त ॲपवर" असेल, तर ते नियमाला धरून नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हीसुद्धा दिशाभूलच आहे. आत्या ज्या फलकाला भुलली त्यावर अट होती की नव्हती, हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. होती. खांबाच्या मागच्या बाजूला वळवलेल्या कडेवर, इंग्रजीत.

आता फोन. साध्या फोनाचं दुखणं वेगळंच असतं, ते ठाऊक नसलं तर रांगेत फजिती होते.

मेसेजची पेटी भरलेली असते. जुन्या बटणाच्या फोनात ठरावीक संख्येइतकेच मेसेज मावतात. कंपनीच्या जाहिरातींनी पेटी गच्च झाली की नवा मेसेज आत येतच नाही. मग काउंटरवर "ओटीपी आला का?", "न्हाई आला", "परत पाठवतो", "न्हाई आला", असं चार वेळा होतं आणि मागचे लोक कुरकुरायला लागतात. शेजारच्या काकूंच्या फोनात मी अख्खा अर्धा तास बसून मेसेज पुसले. पुसता पुसता बँकेचा एक महत्त्वाचा मेसेज निघाला, तो वाचून ठेवला. निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम करा.

रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे मेसेजही बंद पडतात. तेही तपासा.

आणि नंबर कुणाचा दिलाय ते बघा. आपल्याकडं हा मोठा घोळ आहे. मुलगा पुण्याला, चाकणला कंपनीत. गॅसला, बँकेला, दुकानाला, सगळीकडं त्याचाच नंबर. इकडं आई लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात काउंटरवर उभी आणि ओटीपी जातो तिकडं, जिथं शिफ्टमध्ये फोन लॉकरात ठेवावा लागतो. आईकडं चालू नंबर असेल तर दुकानात तोच नोंदवून घ्या. तो मोठ्या आकड्यांत चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पैशाच्या पाकिटात ठेवा. घाईत स्वतःचा नंबर आठवत नाही. मी मी म्हणणाऱ्यांना नाही आठवत.

दुकानात, रॅकसमोर

घाई करू नका. ट्रॉली भरण्याआधी भाव बघायचे. बहुतेक मोठ्या दुकानांत एका वस्तूला तीन आकडे असतात: पाकिटावरची एमआरपी, रॅकवरच्या पट्टीवरचा दुकानाचा भाव, आणि त्याच पट्टीवर वेगळ्या रंगात सभासदाचा किंवा ॲपचा भाव. मोठा आकडा बहुधा शेवटचा असतो, आणि डोळा मोठ्या आकड्यावरच जातो. सोबतच्या माणसानं इथं एकच काम करायचं: "मावशी, हा भाव तुमच्यासाठी आहे का ते आधी विचारू," एवढं म्हणायचं.

वस्तू ट्रॉलीत टाकण्याआधी रॅकजवळच्या कामगाराला विचारा. काउंटरपेक्षा इथं बरं, कारण मागं रांग नसते आणि त्यालाही उसंत असते. मी असं विचारते:

"दादा, हा भाव सगळ्यांना आहे का?"

"न्हाई मॅडम, ॲपवाल्याला."

"यांच्याकडं साधा फोन आहे. नंबर टाकून लागतो का?"

तो "लागतो" म्हणाला तर झालं. "माहीत नाही" म्हणाला तर, "कुणाला विचारू?" हा पुढचा प्रश्न. "नाही लागत" म्हणाला तर वस्तू हातात धरून ठेवा. आपण अजून काउंटरवर विचारणार आहोत.

बऱ्याच पाकिटांवर आता एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा दरही छापलेला असतो. तोही बघायला शिका. सुटीचं मोठं पाकीट बिनसुटीच्या छोट्या पाकिटापेक्षा दरानं महाग निघालेलं मी दोनदा बघितलंय. अशा वेळी सूट न मिळाल्याचं वाईट वाटायचं कारणच उरत नाही.

काउंटरवर: बिल सुरू होण्याआधी

हा क्षण महत्त्वाचा. पहिली वस्तू मशीनखालून जाण्याआधी बोलायचं. बिल निघाल्यावर ते रद्द करायला वरच्या माणसाची परवानगी लागते, मुलाची अडचण होते, आणि अडचणीत सापडलेला माणूस मदत करत नाही.

वाक्य साधं ठेवा. "भाऊ, माझ्याकडं ॲपचा फोन नाही. दारातल्या फलकावर हा भाव आहे. तुमच्या मशीनवरून लावून देता का?" आत्याला मी हे वाक्य घरी चार वेळा म्हणायला लावलं. पहिल्यांदा ती "आवो, चालंल का असं म्हनलेलं?" म्हणाली. चालतं. मागणं मागतोय, भीक नाही मागत.

मुलगा म्हणाला की नंबर द्या, ओटीपी येईल, तर द्यायला हरकत नाही. पण मेसेज आधी वाचायचा. त्यात दुकानाचं नाव असलं पाहिजे. बँकेचं नाव, "व्यवहार", "रक्कम", "पिन" असं काही दिसलं तर तो आकडा कुणालाही सांगायचा नाही, मग समोरचा कितीही गोड बोलू दे. वाचता येत नसेल तर आपल्या सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या. रांगेतल्या अनोळखी माणसाच्या हातात फोन देऊ नका. कुणी लिंकवरून ॲप टाकून देतो म्हटलं तर नको म्हणा. आणि फसवणूक झालीच, खात्यातून पैसे गेले, तर घरी जाऊन विचार करत बसू नका, तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. साध्या फोनावरूनही लागतो.

नंबर मुळीच द्यायचा नसेल तर? बिल मिळायला मोबाईल नंबर लागत नाही. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना स्पष्ट सांगितलं की बिलासाठी गिऱ्हाइकाला नंबरची सक्ती करू नका, ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. तेव्हा "नंबर सांगितल्याशिवाय मशीन पुढं जात नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. सभासदाची सूट हवी असेल तर दुकान नंबर मागू शकतं. नुसतं बिल हवं असेल तर नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण काउंटरवर या दोन गोष्टी नेहमी एकत्र कालवल्या जातात.

मुलगा "नाही जमत" म्हणाला तर त्याच्याशी वाद नको. तो आठ-दहा तास उभा असतो, आणि मशीनमध्ये जे बटण त्याला दिलेलंच नाही ते तो दाबू शकत नाही. "मॅनेजरला बोलवता का, मी बाजूला थांबते," असं म्हणून खरंच बाजूला व्हा, म्हणजे मागचे लोक आपल्यावर चिडत नाहीत. मॅनेजरकडं बहुधा हातानं सूट लावायची सोय असते. खराब झालेल्या पाकिटाला किंवा चुकलेल्या पट्टीला ते अशीच सूट लावतात. मॅनेजर आला की कागद दाखवा, फलक दाखवा आणि तेच वाक्य परत म्हणा. आवाज चढवू नका, पण मान खालीही घालू नका.

काही वेळा मुलगाच दया येऊन म्हणतो, "माझा नंबर टाकतो, मावशी." सूट मिळते, पण पॉइंट त्याच्या खात्यावर जमतात, आणि उद्या वस्तू परत करायची वेळ आली तर बिल त्याच्या नंबरावर. त्याच्या नोकरीवरही येऊ शकतं. आभार मानून स्वतःचाच नंबर टाकायला सांगा.

हे सोबत जाणाऱ्यांनाही लागू आहे. मी पहिले दोन महिने सगळ्यांसाठी माझाच नंबर सांगत होते, पटकन काम व्हायचं म्हणून. एक दिवस दुकानातून मेसेज आला की माझ्या खात्यात 340 रुपयांचे पॉइंट जमलेत. त्यातले माझे जेमतेम शंभराचे असतील. बाकीचे कुणाच्या साखरेचे, कुणाच्या साबणाचे. वही काढून हिशोब लावला आणि ज्याचे त्याला पैसे देऊन आले. तेव्हापासून ज्याची खरेदी त्याचाच नंबर. वेळ लागला तरी चालेल.

बिल हातात घ्या, तिथंच वाचा

"बिल व्हॉट्सॲपवर पाठवलंय" म्हणतात. आत्याच्या फोनात व्हॉट्सॲप नाही. कागदी बिल मागा. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथाच आहे. बिलाशिवाय पुढची कुठलीच तक्रार उभी राहत नाही, त्यामुळं इथं नमतं घेऊ नका.

काउंटरवरून चार पावलं बाजूला होऊन तीन गोष्टी बघा. सूट वेगळ्या ओळीत दिसते का? कुठल्या वस्तूला एमआरपीपेक्षा जास्त लागले का? न मागितलेली पिशवी बिलात आली का? एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्याच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. तसं झालं तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) तक्रार होते. उन्हात ठेवलेल्या पिशवीत ही बिलं महिन्याभरात कोरी पडतात, शाई उडून जाते. महत्त्वाच्या बिलाची झेरॉक्स काढून ठेवा.

नाहीच मिळाली तर

आधी खरं काय ते सांगते. साध्या फोनवाल्याला ॲपचीच सूट दिली पाहिजे असं सरळ म्हणणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही. अमेरिकेतल्या सान डिएगो शहरानं 2025 मध्ये तसा नियम केला: किराणा दुकान डिजिटल कूपनवर जी सूट देईल, ती कागदी कूपनवरही द्यायची. आपल्याकडं असं काही होईपर्यंत आपलं बळ दोन ठिकाणी आहे. एक, जाहिरातीनं अट लपवली असेल तर. दोन, बिल नाकारलं किंवा नंबरची सक्ती केली असेल तर. तक्रार लिहिताना "मला ॲपची सूट दिली नाही" असं लिहिण्यापेक्षा "फलकावर अट मराठीत आणि ठळक नव्हती, त्या भावावर विसंबून मी माल घेतला, बिलात जास्त पैसे लागले" असं लिहा. दुसऱ्या वाक्याला कायद्याचा आधार आहे.

दुकानातच तक्रार वही मागा. नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का किंवा सही घ्या. एवढ्यानंच बऱ्याचदा काम होतं.

नाही झालं तर 1915. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बटणाच्या फोनावरून लागते आणि मराठीत बोलता येतं. बिल, तारीख, दुकानाचं नाव, पत्ता आणि किती रुपयांचा फरक हे समोर ठेवून फोन करा. ते तक्रार क्रमांक देतात, तो लगेच बिलाच्या मागं लिहून ठेवा. मग ते कंपनीकडं तक्रार पाठवून उत्तर मागवतात. मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीत याचा चांगला उपयोग होतो, कारण तक्रार गल्लीतल्या मॅनेजरच्या डोक्यावरून वरच्या कार्यालयात जाते.

60 रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टापर्यंत, कुणी जात नाही, मलाही ठाऊक आहे. पण कूलरसारखी मोठी खरेदी असेल तर जा. आयोग प्रत्येक जिल्ह्यात आहे. वकील लागतोच असं नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, हा 2019 च्या कायद्यानं दिलेला मोठा दिलासा आहे. एकाच जाहिरातीनं दहा-वीस जण फसले असतील, तर आयोगाच्या परवानगीनं मिळून एक तक्रार देता येते. बचत गटांनी हे ध्यानात ठेवावं.

शिवाय 24 डिसेंबर. त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन असतो आणि तहसीलमध्ये पुरवठा विभागाचे कार्यक्रम होतात. तिथं खुर्च्या रिकाम्या असतात आणि बोलायला माईक असतो. मागच्या वेळी आमच्या गटातल्या दोघी गेल्या, जाहिरातीचा कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या.

जिथं फोन लागतच नाही

ॲपच्या मागं धावण्याआधी हेही बघा. घरात बीपी-साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जनऔषधी केंद्रात जा. तीच औषधं कंपनीच्या नावाच्या गोळ्यांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात, भाव पाकिटावर छापलेला असतो आणि सगळ्यांना एकच असतो. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. एका महिन्यात वाचणारे पैसे तेलाच्या डब्यावरच्या सुटीपेक्षा कितीतरी जास्त भरतात.

ओळखीच्या किराणावाल्याशी महिन्याच्या यादीचं बोलणं करा. चार घरांनी मिळून तूरडाळ, साखर, तेल एकदम घेतलं तर तोही भाव पाडतो.

आणि एसटी बघा. 75 वर्षांच्या पुढच्यांना 2022 पासून मोफत प्रवास, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. आत्या कंडक्टरला आधार कार्ड दाखवते, तो बघतो, मशीनमधून तिकीट काढून देतो. ॲप नाही, ओटीपी नाही. खेड्यापाड्यांतून दिवसाला हजारो माणसं अशी सवलत घेतात. एवढी मोठी एसटी ते करू शकते, तर चार काउंटरचं दुकान का नाही करू शकत?

दुकानदार वाचत असतील तर

तुमच्यासाठी हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. बिलाच्या मशीनमध्ये "काउंटर सूट" नावाचा एक कोड टाकून घ्या आणि कोणत्या वस्तूंना तो लावायचा त्याची यादी काउंटरवर चिकटवा. ॲपमुळं गिऱ्हाईक परत येतं म्हणून तुम्ही सूट देता, हे मी समजू शकते. तेच काम कागदी कार्डही करतं: दहा चौकोन, प्रत्येक खरेदीला एक शिक्का, दहाव्याला सूट. आठवडी बाजाराला गावाहून येणारं माणूस ते कार्ड जपून ठेवतं, आणि पुढच्या बाजारी तुमच्याच दुकानात येतं.

गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावरच्या दुकानदारानं, आम्ही तीनदा जाऊन बोलल्यावर, दारात एक पाटी लावली. मी तिच्यावरची अक्षरं उतरवून आणली. कुणाला हवी तर तशीच लिहून लावा:

"ॲपवरचा भाव साध्या फोनवाल्यांना आणि फोन नसलेल्यांनाही मिळेल. बिल करण्याआधी काउंटरवर सांगा. नंबर द्यायची सक्ती नाही."

मागच्या शनिवारी आत्यानं तिथून दोन डबे नेले.